'मेटाडेटा'साठी मराठीत काय लिहायचं?

गोदाकाठ
नाशिकमधल्या एका ग्रंथसंग्रहाचं स्कॅनिंग सुरू होतंय. स्वयंसेवकांसाठी मराठी सूचनापुस्तिका लिहिली जातेय आणि ती एका वाक्यावर अडली आहे: 'मेटाडेटा तयार करणे, सांभाळणे व पुन्हा वापरणे'. मेटाडेटा म्हणजे पुस्तकाविषयीची माहिती: नाव, लेखक, वर्ष वगैरे. पहिल्या मसुद्यात 'अधिविदा' होतं. तपासताना एकाने ते खोडून 'मेटाडेटा' केलं, दुसऱ्याने 'वर्णनात्मक माहिती'. वाचणाऱ्यांना दाखल नोंदवही तोंडपाठ आहे, संगणकाचा फॉर्म नवा आहे. काय ठेवावं?

पुष्पिका
अधिविदा ठेवा. विद् धातूवरून विदा, म्हणजे डेटा, तिच्यामागे अधि. अधिसूचना, अधिनियम चालतात, मग हाच शब्द का अडावा? 'संगणक'ही असाच घडवलेला शब्द, आज कोणी अडखळत नाही. आणि ही गोष्ट आपल्याकडे नवी नाहीच. हस्तलिखित पोथीच्या शेवटी ग्रंथाचं नाव, लेखनिकाचं नाव, शके, तिथी, गाव, कोणासाठी नक्कल केली हे लिहिलेलं असतं. त्याला पुष्पिका म्हणतात.

रविवारकारंजा
'विदा' वाचून निम्म्या लोकांना निरोप आठवतो. तो हिंदी 'विदा' अरबीतून आलेला, विद् धातूशी त्याचा संबंध नाही, हे मान्य. पण वाचणारा व्युत्पत्तिकोश घेऊन बसत नाही. शिवाय 'अधि' म्हणजे वर, ग्रीक 'मेटा' म्हणजे नंतर किंवा पलीकडे. शब्दशः म्हणूनही जुळत नाही. मेटाडेटाच लिहा.

दाखलक्रमांक
नामावर भांडण चाललंय, घोळ मात्र 'तयार करणे' या क्रियापदात आहे. स्कॅनची लांबी-रुंदी, डीपीआय (दर इंचाला किती ठिपके), फाइलचा आकार, चेकसम (फाइल बदलली का ते ओळखणारा आकडा) हे यंत्र स्वतः भरतं. शीर्षक, लेखक, विषय, प्रकाशनवर्ष माणसाने भरायचं. पुस्तिकेत दोन वेगळी क्रियापदं हवीत: यंत्राचं 'नोंदलं जाणं' आणि माणसाने 'भरणं'.

हा फरक केला नाही की सगळ्यात आधी तारखा बिघडतात. डीस्पेस या डिजिटल संग्रहाच्या प्रणालीमध्ये दाखल झाल्याची तारीख आपोआप पडते, प्रकाशनाची तारीख हाताने द्यावी लागते. ती रिकामी राहिली की भरणारा समोर दिसेल ती तारीख, म्हणजे स्कॅनची, टाकून मोकळा होतो आणि १८८० चं पुस्तक या वर्षीचं ठरतं. मुखपृष्ठावर फक्त शके असेल तर ७८ मिळवा, पण पौष-माघ-फाल्गुनातलं प्रकाशन बहुधा पुढच्या इसवी सनात जातं, तिथे ७९. शके १८०२ चा चैत्र १८८० मध्ये आणि फाल्गुन १८८१ मध्ये. तारखेच्या रकान्यात इसवी सन, आणि छापलेला शके जसाच्या तसा टिपेत.

यंत्राने भरलेलंही तपासावं लागतं. वर्डमधून केलेल्या पीडीएफच्या शीर्षकात बऱ्याचदा 'मायक्रोसॉफ्ट वर्ड - डॉक्युमेंट१' असतं आणि आयात करताना तेच पुस्तकाचं नाव होऊन बसतं. फोनवर काढलेली पानं व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवली तर फोटोची तारीख आणि ठिकाण गळून जातं, चित्रही दाबलं जातं. पाठवायचीच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

गावनमुना
'सांभाळणे'साठी मराठीत नेमका शब्द पडून आहे: फेरफार. जमिनीच्या अभिलेखात सातबाऱ्यावरचा हक्क कोणत्या कारणाने बदलला ते नमुना ६ मध्ये, फेरफार नोंदवहीत, क्रमांकासह लिहितात. इथेही जुनं मूल्य, नवं मूल्य, कोणी बदललं, कधी, कशाच्या आधारे, हे पाचही हवेत. नुसतं दुरुस्त करून सेव्ह केलं तर चूक कोणती आणि दुरुस्ती कोणती हे पुढच्याला कळायला मार्ग उरत नाही.

रविवारकारंजा
पण फेरफार करणं म्हणजे लबाडी करणं, असाही अर्थ रूढ आहे.

पुष्पिका
तलाठी कार्यालयाबाहेर रूढ आहे म्हणून मूळ अर्थ सोडायचा का?

मार्कवाला
'पुन्हा वापरणे'कडे कोणी बघितलंच नाही, आणि खरा तोटा तिथेच होतो. मार्क २१ या ग्रंथालयांच्या नोंदपद्धतीत प्रत्येक रकान्याला क्रमांक असतो: १०० ला मुख्य लेखक, ७०० ला बाकीचे, आणि प्रत्येकापुढे अनुवादक, संपादक अशी भूमिका देता येते. डब्लिन कोअर ही दुसरी, सुटसुटीत नोंदपद्धत, तिचे घटक १५ (१९९५ च्या बैठकीवरून नाव पडलं, ते डब्लिन ओहायोमधलं, आयर्लंडमधलं नव्हे). साध्या डब्लिन कोअरमध्ये उतरवलं की अनुवादक, संपादक, प्रस्तावनाकार सगळे एकाच 'कॉन्ट्रिब्युटर'मध्ये जातात. ओएआय-पीएमएच या नोंदी देण्या-घेण्याच्या पद्धतीने दुसरं ग्रंथालय त्या गोळा करतं तेव्हा हा साधा प्रकार देणं बंधनकारक आहे, त्यामुळे बरेच जण तेवढाच उचलतात. मराठीत अनुवादित पुस्तकं किती आहेत ते पाहा, म्हणजे नुकसानीचा अंदाज येईल. म्हणून मूळ नोंद नेहमी तपशीलवार प्रकारात ठेवा आणि साधी तिच्यावरून काढा. साधीवरून तपशीलवार परत मिळत नाही.

नावांचंही तसंच. कविता 'कुसुमाग्रज' नावाने, नाटकं 'वि. वा. शिरवाडकर' नावाने. दोन्ही नावं एका अधिकृत नोंदीला (एका व्यक्तीची किंवा गावाची सगळी नावं एकत्र ठेवणाऱ्या नोंदीला) जोडली नाहीत तर नाशिकच्याच ग्रंथालयात त्यांची अर्धी पुस्तकं शोधात येणार नाहीत.

गोदाकाठ
गावाच्या नावाचं काय? जुन्या मुखपृष्ठांवर 'नासिक' आहे, नव्यांवर 'नाशिक'.

पुष्पिका
नासिक हेच मूळ. नासिका, शूर्पणखेचं नाक.

रविवारकारंजा
ती एक कथा. नऊ टेकड्यांवर वसलं म्हणून नाशिक, असंही सांगतात. पुरावा म्हणून पांडवलेण्यांतलं १९ क्रमांकाचं लेणं धरा. सातवाहन राजा कण्हाच्या काळात नासिकच्या श्रमण-महामात्राने ते करवलं, असं त्याच्या शिलालेखात आहे आणि तिथे 'नासिक' स्पष्ट वाचता येतं. नाकाचा उल्लेख नाही.

दाखलक्रमांक
व्युत्पत्ती काहीही असो, शीर्षक आणि प्रकाशनस्थळ छापलंय तसंच उतरवायचं. 'नासिक' असेल तर 'नासिक'. एकसारखेपणा विषयाच्या रकान्यात आणायचा: अधिकृत नोंदीत मार्कच्या १५१ ला (मान्य नाव) नाशिक, ४५१ ला (इतर नावं) नासिक आणि गुलशनाबाद. आणखी एक गोष्ट, टंकलेखनाची. 'ऱ्या' दोन प्रकारे टाइप होतो, कळफलकाप्रमाणे. 'ॲ'चंही तेच. डोळ्यांना सारखे, संगणकाला वेगळे, आणि युनिकोडचं नेहमीचं सामान्यीकरण (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं सारखी करणं) त्यांना एक करत नाही. 'ॲटलास' शोधून निम्म्याच नोंदी आल्या तर आधी हे बघा आणि आयातीच्या वेळीच एका रूपात बदलून घ्या.

पुष्पिका
गुलशनाबाद आणि नासिक एका पंक्तीत कसे? एक मोगलांनी दिलेलं, दुसरं लोकांच्या तोंडी अजून चालणारं. 'पर्यायी नाव' आणि 'पूर्वनाम' असे दोन शब्द हवेत.

मार्कवाला
४५१ मध्ये आधीचं नाव आहे हे दाखवायला डब्ल्यू उपक्षेत्र, म्हणजे रकान्यातला एक छोटा भाग, आहे. तिथे 'ए' लिहा.

पुष्पिका
ते संगणकाला कळेल. पुस्तिकेत शब्द कोणता लिहायचा?