मदत हवी आहे: लव्हेंडर, निलगिरी आणि घरात सहा महिन्यांचं बाळ

नमस्कार मंडळी,

नणंदेने अरोमाथेरपीचा (सुगंधी तेलांच्या उपचारांचा) छोटा कोर्स केला आणि परवा आमच्याकडे डिफ्यूझर (तेलाचा वास खोलीत पसरवणारं यंत्र), लव्हेंडर, निलगिरी आणि टी ट्रीच्या बाटल्या देऊन गेली. सासूबाईंना झोप लागत नाही, त्यांच्यासाठी. लव्हेंडर त्यांना आवडलंय, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण आता बाळाच्या सर्दीलाही निलगिरीचे दोन थेंब छातीला चोळू म्हणतायत. "अत्तर नाही का आपण थेट मनगटाला लावत?" यावर मला पटकन उत्तर सुचेना.

नंतर वाचलं, उत्तर प्रदेशातल्या कनौजला देग-भपक्यात (अर्क काढायच्या पारंपरिक तांब्याच्या भांड्यांत) गुलाबाची वाफ चंदनाच्या तेलात उतरवतात. म्हणजे पारंपरिक अत्तर मुळातच तेलात मुरलेलं असतं आणि या बाटल्यांत नुसता अर्क. बरोबर समजतेय ना मी?

शिवाय कोर्समधली गोष्ट घरात सगळ्यांना पाठ झालीय: फ्रेंच रसायनतज्ज्ञ गॅटफॉसेचा हात भाजला, त्याने तो चुकून लव्हेंडरच्या भांड्यात बुडवला आणि हात बरा! १९१० मध्ये प्रयोगशाळेतल्या स्फोटात तो भाजला हे खरं. पण १९३७ च्या 'अरोमाथेरपी' या पुस्तकात तो स्वतः सांगतो की जखमा चिघळल्यावर त्याने त्या लव्हेंडरच्या अर्काने धुतल्या. चुकूनबिकून काही नाही.

तर बाळाचं काय, सासूबाईंना तेल किती पातळ करून लावू, आणि '१०० टक्के शुद्ध' या लेबलवर विश्वास ठेवायचा का?

प्रतिसाद – कडुलिंब

अत्तराचं बरोबर आहे, ताई. बाळाला निलगिरी अजिबात नको. छातीला नको, रुमालावर नको, त्या खोलीत डिफ्यूझरही नको. त्यातल्या सिनिओल या मुख्य घटकामुळे तान्ह्या मुलांचा श्वास अडखळू शकतो, पोटात गेलं तर झटके येतात. कापूरही तसाच, आजीच्या बटव्यातला असला तरी. सर्दीसाठी डॉक्टरांना विचारून नाकात सलाइनचे थेंब, बास.

सासूबाईंना ३० मिली खोबरेलात लव्हेंडरचे १२ थेंब, साधारण दोन टक्के. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दिवसभर बघा.

शुद्धतेसाठी कोऱ्या कागदावर लव्हेंडरचा थेंब टाका. दुसऱ्या दिवशी तेलकट डाग राहिला तर दुसरं तेल मिसळलंय. (चंदनाला ही परीक्षा लावू नका, ते फार सावकाश उडतं.) कृत्रिम सुगंध मात्र यात पकडला जात नाही. घरात मांजर असेल तर सांगा, मग टी ट्रीबद्दल वेगळं लिहिते.