ऑक्टोबरमधील फॅशन शोबाबत गोव्यातील फोंड्याच्या एका सोसायटीच्या ग्रुपवरील चर्चा

सचिव
सर्व सभासदांना नमस्कार. ऑक्टोबर हा स्तनाच्या कर्करोगाविषयी जनजागृतीचा महिना म्हणून पाळला जातो. त्यानिमित्त आपल्या हॉलमध्ये फॅशन शो आणि कलागुणदर्शनाची संध्याकाळ भरवावी आणि प्रवेशिकांतून जमणारा निधी याच कामासाठी वापरावा, असा प्रस्ताव महिला समितीने दिला आहे. आपली मते येथे मांडावीत, म्हणजे रविवारच्या बैठकीत निर्णय घेता येईल.

क-१०४
सचिव महोदय, समितीच्या हेतूबद्दल मला आदर आहे. परंतु ज्या घरात हा आजार येऊन गेला आहे, त्या घरातील माणसांना झगमगत्या दिव्यांखाली आणि संगीताच्या तालावर होणारा असा कार्यक्रम पाहताना काय वाटेल, याचाही विचार व्हावा. त्यापेक्षा एखाद्या डॉक्टरांचे व्याख्यान ठेवावे आणि वर्गणीचे पैसे सरळ गरजू रुग्णाला द्यावेत, असे मला वाटते.

ब-३०२
काका, आपण मांडलेली काळजी रास्त आहे आणि कार्यक्रम ठरवताना ती सतत डोळ्यांपुढे असली पाहिजे. तरीही माझे मत प्रस्तावाच्या बाजूने आहे, आणि शिवणकामाचे वर्ग चालवणारी बाई म्हणून ते थोडे विस्ताराने मांडण्याची परवानगी द्यावी.

व्याख्यानाला ज्या येतात, त्या बहुधा आधीच जागरूक असतात. गणेशचवथीच्या दिवसांत फुगडीला मात्र साऱ्या इमारतींतील बायका, त्यांच्या सासवा आणि मुली एकत्र येतात. ज्या विषयावर घरात जाऊबाईंशीही बोलायला संकोच वाटतो, तो विषय अशा मेळाव्यात मोकळा होऊ शकतो.

फॅशनच्या क्षेत्राने हे काम नव्याने हाती घेतलेले नाही. 'वॉशिंग्टन पोस्ट'च्या फॅशन संपादक नीना हाइड यांचे १९९० साली याच आजाराने निधन झाले. त्यांचे मित्र, ख्यातनाम डिझायनर राल्फ लॉरेन यांनी पुढाकार घेतला आणि १९९४ साली अमेरिकेतील डिझायनरांच्या संघटनेने निधी उभारण्याची मोठी मोहीम सुरू केली. तिचे नेमबाजीच्या लक्ष्यासारखे वर्तुळाकार बोधचिन्ह लॉरेन यांनीच काढले होते. त्याच्या आदल्या वर्षी, १९९३ च्या ऑगस्टमध्ये, मातुश्का या मॉडेल आणि कलावंत स्त्रीचे छायाचित्र 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या रविवार पुरवणीच्या मुखपृष्ठावर छापले गेले होते. शस्त्रक्रियेचा व्रण उघडा ठेवणारा पांढरा पोशाख तिने त्यात घातला होता, आणि ते पाहून अनेक वाचक अस्वस्थ झाले, तर अनेकींना प्रथमच कोणीतरी आपल्याबद्दल बोलल्यासारखे वाटले. पुढे २०१७ साली न्यूयॉर्क फॅशन वीकमध्ये या आजाराला सामोऱ्या गेलेल्या स्त्रियाच अंतर्वस्त्रांच्या एका शोमध्ये रॅम्पवर चालल्या. त्या कपड्यांची डिझायनर स्वतः या आजारातून गेलेली होती आणि शस्त्रक्रियेनंतर अंगाला न बोचणारे कपडे बाजारात मिळत नाहीत, हे अनुभवूनच तिने तो व्यवसाय उभा केला होता.

माझा सगळा आग्रह या शेवटच्या उदाहरणासाठी आहे. या जनजागृतीचे चिन्ह असलेल्या गुलाबी रंगाच्या साड्या नेसून सगळ्यांनी एक फेरी मारली, फुगे लावले, छायाचित्रे काढली आणि आपण पांगलो, असे होणार असेल, तर काकांचा आक्षेप मलाही मान्य करावा लागेल. आपल्या मंचावर शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रीला खरोखर घालता येतील असे कपडे यावेत.

ज्यांना याची कल्पना नाही त्यांच्यासाठी सांगते. स्तन काढल्यावर पहिले काही आठवडे हात डोक्यावर नेणे कठीण असते, म्हणून ब्लाऊज पुढून उघडणारा आणि हुक सहज लागणारा हवा. शस्त्रक्रियेत काखेतील लसिका ग्रंथी काढल्या असतील तर त्या बाजूच्या हाताला सूज येण्याचा धोका पुढे कित्येक वर्षे राहतो. आपल्याकडे दंडाला घट्ट बसणारी बाही सुंदर मानली जाते, पण या स्त्रियांसाठी तीच त्रासाची ठरते. बाही सैल हवी आणि तिच्या कडेला इलॅस्टिक नको. किरणोपचार चालू असताना कातडी इतकी हळवी होते की आतली शिवणही टोचते, म्हणून अस्तर मऊ सुती असावे आणि शिवण व्रणावरून जाऊ नये. कृत्रिम स्तन वापरणाऱ्यांसाठी आतून एक कप्पा शिवावा लागतो. सिलिकॉनचा कृत्रिम स्तन जड आणि महागही असतो, तर सुती धाग्याचा विणलेला हलका असतो आणि क्रोशाचे काम येणारी कोणतीही बाई तो थोड्या सरावाने करू शकते. आपल्या सोसायटीत क्रोशा उत्तम जाणणाऱ्या आजी आहेत. कलागुणदर्शन म्हणून त्यांच्या विणकामाची मांडणी व्हावी, असे मला मनापासून वाटते.

याला गोव्याचा आधारही आहे. कोलवाळचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स, ज्यांना २०१४ साली पद्मश्री मिळाली आणि जे २०२० मध्ये आपल्यातून गेले, त्यांनी मागे पडत चाललेल्या कुणबी साडीला पुन्हा मान मिळवून दिला. ते सुती, चौकड्यांचे कापड अंगाला सौम्य असते आणि खांद्यावर गाठ मारून नेसण्याच्या त्याच्या पद्धतीत छाती पुढून सहज झाकली जाते. त्यावर सैल बाहीचा, पुढून उघडणारा ब्लाऊज बेतला, तर लग्नसमारंभातही अभिमानाने नेसता येईल असा पोशाख तयार होतो. माझ्या विद्यार्थिनी यावर काम करायला तयार आहेत.

ड-४०१
ताईंचा संदेश वाचून लिहिण्याचे धैर्य आले. माझी शस्त्रक्रिया झाली आहे, हे काही जणींना ठाऊक आहे. उपचार निभावले, परंतु नंतर मी लग्नकार्यांना जाणे टाळू लागले आणि त्याचे मोठे कारण ब्लाऊज हेच होते. ताईंनी शिवलेला पोशाख घालून मंचावर यायला मला आवडेल. माझी एकच विनंती आहे, ती अशी की निवेदकाने माझ्या आजाराची घोषणा करू नये. कोणाला शस्त्रक्रिया झाली आहे आणि कोणाला नाही, हे प्रेक्षकांना कळू नये, आणि सगळ्या जणींनी तेच कपडे घालावेत.

ब-३०२
वहिनी, आपण म्हणता तसेच होईल. हा नियम कार्यक्रमपत्रिका ठरण्याआधीच लिहून ठेवू या.

अ-२०३
डॉक्टर या नात्याने काही गोष्टी सांगणे मला आवश्यक वाटते. भारतातील स्त्रियांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग हाच आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये देशात सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ९८ हजार मृत्यू झाले. आपल्याकडे अनेक स्त्रिया उशिरा येतात, कारण सुरुवातीची गाठ बहुधा दुखत नाही आणि जे दुखत नाही ते दाखवायला कोणी जात नाही. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, पण ते तपासल्याशिवाय ठरत नाही. गाठीखेरीज कातडी आत ओढली जाणे, ती संत्र्याच्या सालीसारखी दिसणे, स्तनाग्र आत वळणे किंवा त्यातून रक्त येणे, ही लक्षणेही दुर्लक्षित करू नयेत. पुरुषांनाही हा आजार होतो. एकूण रुग्णांत त्यांचे प्रमाण सुमारे १ टक्का किंवा त्याहून कमी असते.

तपासणीचा उपयोग होतो का, असे मला वारंवार विचारले जाते. मुंबईत टाटा स्मारक केंद्राने १९९८ पासून दीड लाखाहून अधिक स्त्रियांचा वीस वर्षे अभ्यास केला. निम्म्या स्त्रियांची प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केवळ हातांनी तपासणी केली. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तपासणी झालेल्या गटातील ५० वर्षे आणि त्यापुढील स्त्रियांमध्ये या आजाराने होणारे मृत्यू दुसऱ्या गटाच्या तुलनेत जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतील स्त्रियांत तशी घट दिसली नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. म्हणून तरुण मुलींना घाबरवू नये, आणि आई, काकी, सासू, आजी यांना मात्र आग्रहाने तपासणीला न्यावे.

गोव्यात २०२१ साली युवराज सिंग यांच्या यूवुईकॅन प्रतिष्ठानाच्या सहकार्याने राज्य शासनाने 'स्वस्थ महिला, स्वस्थ गोवा' हा उपक्रम सुरू केला. हातात मावणाऱ्या, किरणोत्सर्ग नसलेल्या उपकरणाने त्यात तपासणी केली गेली आणि शंका आल्यास पुढील चाचण्यांसाठी पाठवण्यात आले. आपणही त्याच संध्याकाळी हॉलशेजारच्या खोलीत महिला डॉक्टरांकडून तपासणीची सोय करावी. कार्यक्रम चारला सुरू होणार असेल तर तपासणी दोनपासून ठेवावी, म्हणजे नटूनथटून आलेल्या स्त्रियांना मध्येच उठावे लागणार नाही.

क-१०४
डॉक्टर आणि ताई, आपण दोघांनी मांडलेल्या स्वरूपातील कार्यक्रमाला माझा पाठिंबा आहे. पैशांचा प्रश्न मात्र मी सोडणार नाही. गुलाबी फीत लावून माल खपवायचा आणि त्यातला किती वाटा रुग्णांपर्यंत पोहोचतो हे सांगायचे नाही, अशा कंपन्यांविरुद्ध २००२ साली अमेरिकेतील रुग्णांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या एका संघटनेने मोहीम उघडली होती. आपल्याकडेही सौंदर्यप्रसाधनांचे स्टॉल मांडण्यासाठी विचारणा होईल. स्टॉल द्यायचे असतील तर ठरावीक भाडे आधी घ्यावे आणि जमाखर्च याच ग्रुपवर ठेवावा.

ब-३०२
काका, हिशेबाची जबाबदारी आपणच स्वीकारावी, अशी माझी विनंती आहे. निधीचा पहिला उपयोग ज्यांना पुढील चाचणीसाठी बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, जावे लागेल, त्यांच्या प्रवासासाठी आणि सोबत जाणाऱ्या बाईच्या बुडणाऱ्या रोजंदारीसाठी व्हावा. आपल्याकडे घरकामाला येणाऱ्या बायका प्रामुख्याने याच कारणाने चाचणी पुढे ढकलतात. त्यांना प्रवेशिका विकू नये, निमंत्रण द्यावे, आणि तपासणीत त्यांचा क्रम आधी लावावा.

कलागुणदर्शनात घुमट या मातीच्या वाद्याच्या साथीने होणारी घुमटआरती आणि मुलांचा नृत्याविष्कार जरूर असावा. फोंड्याची माणसे नाटकावर जीव टाकणारी आहेत, म्हणून गाठ लपवणाऱ्या सुनेचा आणि तिला दवाखान्यात घेऊन जाणाऱ्या सासूचा एखादा छोटा प्रवेश आपल्याच मंडळींनी लिहून बसवावा, असे सुचवते. सासूची भूमिका एखाद्या पुरुषाने हसवण्यासाठी करू नये, एवढे पाळावे.

सचिव
रविवारी सायंकाळी ५ वाजता हॉलमध्ये बैठक होईल. ड-४०१ मधील वहिनींची अट आणि काकांची हिशेबाची सूचना विषयपत्रिकेत प्रथम घेतली आहे. महिला डॉक्टरांशी अ-२०३ मधील डॉक्टर बोलतील.

ब-३०२
ज्यांना रॅम्पवर चालायचे आहे त्यांनी शनिवारपर्यंत मापे देण्यासाठी माझ्याकडे यावे. वयाची अट नाही. ज्या आजींना क्रोशा येतो, त्यांच्यासाठी सुती धागा मी आणून ठेवते.