पिनकोडची सरासरी चूक, मग समाधानाच्या गुणांची बरोबर का?

प्रश्न:
नमस्कार. मी पदवीच्या पहिल्या वर्षाला आहे आणि संख्याशास्त्र यंदाच सुरू झाले आहे. सरावासाठी आम्ही काही कुटुंबांचे सर्वेक्षण केले. त्यात पिनकोड, कुटुंबातील माणसांची संख्या, पाणीपुरवठ्याबद्दलचे समाधान (१ ते ५) आणि भेटीच्या वेळचे तापमान अशा नोंदी होत्या. संगणकाने चारही रकान्यांची सरासरी काढून दिली. सरांनी मात्र पिनकोडची सरासरी खोडली आणि समाधानाच्या सरासरीपुढे प्रश्नचिन्ह काढले. सगळेच आकडे असताना हा भेद कशावरून करायचा?

उत्तर १:
अंकांनी लिहिलेली प्रत्येक नोंद मोजमाप नसते. आपल्याकडे पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून वापरात आहेत आणि त्यांचा पहिला अंक टपाल विभाग दाखवतो, म्हणजे ती ठिकाणांची नावेच आहेत. उद्या सगळे पिनकोड बदलले तरी कोण कुठे राहते हे बदलणार नाही, सरासरी मात्र बदलेल. अशा नामदर्शक माहितीत वारंवारता (कोणती नोंद किती वेळा आली) मोजावी आणि बहुलक (सर्वाधिक वेळा आलेली नोंद) सांगावा, त्यापुढे जाऊ नये.

हीच कसोटी समाधानाला लावून पाहा. एका वस्तीतील उत्तरे ३, ३, ३ आणि दुसरीतील १, २, ५ असतील, तर सरासरी अनुक्रमे ३ आणि सुमारे २.६७ येते, म्हणजे पहिली वस्ती अधिक समाधानी ठरते. आता क्रम तोच ठेवून १, २, ३, ४, ५ ऐवजी १, २, ४, ७, १० असे गुण द्या. पहिलीची सरासरी ४ येते, दुसरीची सुमारे ४.३३, आणि निष्कर्ष उलटतो. मध्यक (नोंदी क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी नोंद) मात्र दोन्ही वेळा पहिल्याच वस्तीचा जास्त राहतो, कारण तो फक्त क्रमावर अवलंबून असतो. सरांचे प्रश्नचिन्ह यासाठीच असावे.

तापमानाची सरासरी चालते, पण ४० अंश सेल्सिअस हे २० च्या दुप्पट उष्ण नव्हे, कारण तिथला शून्य सोयीने ठरवलेला आहे. ज्याचा शून्य खरा आहे अशा केल्विन मापात हीच तापमाने ३१३.१५ आणि २९३.१५ होतात. माणसांच्या संख्येत शून्य खरा असल्यामुळे दुप्पट म्हणता येते.

उत्तर २:
वरील उत्तर पटते, तरी एक पुस्ती जोडतो. नामदर्शक (पिनकोड), क्रमदर्शक (समाधान), समान अंतराची (तापमान) आणि गुणोत्तराची (माणसांची संख्या) अशी माहितीच्या प्रकारांची ही चौकट मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन्स यांनी १९४६ साली मांडली आणि तिच्यावर वादही झाले. पाच पायऱ्यांच्या उत्तरांची सरासरी प्रत्यक्षात सर्रास काढली जाते. ती काढायचीच असेल, तर पायऱ्यांमधील अंतर समान मानले आहे हे स्पष्ट लिहावे आणि वारंवारता सारणी आधी द्यावी. शिवाय घड्याळातील वेळ या चौकटीत नीट बसत नाही. रात्रीचे ११ आणि १ म्हणजे २३ आणि १, यांची साधी सरासरी दुपारचे १२ दाखवते!

मूळ प्रश्नकर्ता:
दोघांचेही मनापासून आभार. आम्ही वय ‘१८ ते ३०’, ‘३१ ते ६०’, ‘६० च्या वर’ असे गटांत नोंदवले होते. ती माहिती मग क्रमदर्शक झाली का?

उत्तर १:
होय. वय मुळात गुणोत्तराच्या प्रकारातले, पण गट केल्यावर हाती क्रमच उरला, आणि शेवटचा गट वरून उघडा असल्यामुळे त्याचा मध्यही ठरवता येत नाही. पुढच्या वेळी पूर्ण झालेली वर्षे लिहून घ्या. गट नंतर केव्हाही करता येतात, गटांवरून मूळ वय मात्र परत मिळत नाही.