माणूस मुळात कसा आहे हे ठरवल्याशिवाय नीतीचा विचार करता येतो का?

धरमपेठकर : नीतीवरील बहुतेक वाद हे खरे पाहता मनुष्यस्वभावाविषयीचे वाद असतात, असे माझे मत आहे. धाक घालणारी सत्ता नसेल तर माणसे एकमेकांशी युद्धाच्याच स्थितीत राहतील, असे इंग्लंडमधील यादवीच्या काळातील तत्त्वज्ञ हॉब्जने १६५१ मध्ये मांडले आणि म्हणून त्याने नीतीचा डोलारा करारावर व सत्तेच्या धाकावर उभा केला. फ्रेंच भाषेत लिहिणारा विचारवंत रूसो याने १७५५ मध्ये करुणा उपजत मानली आणि विषमतेचे खापर मालमत्तेवर फोडले. ज्याला आपण जन्मजात स्वार्थी मानतो त्याच्याकडून त्यागाची अपेक्षा धरणे निरर्थक आहे. तेव्हा आधी स्वभाव ठरवावा, मग कर्तव्य.

नागनदी : हा क्रमच मला मान्य नाही. लेखक 'आहे' म्हणता म्हणता 'असावे' वर कसे येऊन पोहोचतात, हे ते कधीच सांगत नाहीत, असा आक्षेप स्कॉटिश तत्त्वज्ञ ह्यूमने घेतला होता. हा नुसता तर्काचा काथ्याकूट नव्हे. गीतेच्या अठराव्या अध्यायात चार वर्णांची कर्मे स्वभावातून उपजलेल्या गुणांनुसार विभागली आहेत. त्या श्लोकाचा अर्थ जन्माशी जोडावा की नाही यावर भाष्यकार खुशाल भांडोत, व्यवहारात तो जन्माशीच जोडला गेला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी आपल्याच नागपुरात बौद्ध धम्म स्वीकारताना डॉ. आंबेडकरांनी अनुयायांना ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत चोरी करणार नाही, खोटे बोलणार नाही, समता स्थापन करण्याचा प्रयत्न करीन, असे निश्चय आहेत. माणूस मुळात चांगला की वाईट, याचा निवाडा होईपर्यंत तेथे कोणी थांबले नव्हते.

धरमपेठकर : प्रतिज्ञा देणारा माणूस बदलू शकतो असे गृहीत धरतोच ना? अंगुलिमालासारखा खुनी भिक्खू होऊ शकतो, हे मानणाऱ्या बौद्ध परंपरेकडे स्वभावाची स्वतःची कल्पना असतेच. शिवाय ह्यूमचा आधार आपल्याला फार काळ पुरणार नाही, कारण नीतीचे मूळ त्यानेही माणसाच्या भावनांमध्येच शोधले.

बर्डीवाला : दोघांनाही एक पाणपोई दाखवावीशी वाटते. मे महिन्यात सीताबर्डीच्या रस्त्यावर कोणीतरी रांजण मांडतो, त्याला ओले फडके गुंडाळतो, रोज भरतो आणि स्टीलचा पेला मात्र साखळीने बांधून ठेवतो. विहिरीत पडू पाहणारे मूल दिसताच, आईबापांची मर्जी किंवा लोकांची वाहवा मनात न आणताही, कोणाचेही काळीज हलते, असे प्राचीन चीनमधील तत्त्वज्ञ मेन्शियस म्हणतो. स्वभाव वाईटच असून चांगुलपणा प्रयत्नाने घडवावा लागतो, असे तिथलाच दुसरा तत्त्वज्ञ शुन्झी म्हणतो. गंमत अशी की, दोघेही शेवटी शिक्षणावरच भर देतात. पाणपोईवाल्याने त्यांच्यात निवड केली नाही. त्याने दोघांचेही ऐकले.

नागनदी : साखळीचा अर्थ मी वेगळा लावतो. शंभरांतील एकाने पेला पळवला तरी उरलेले तहानलेले राहतील, एवढेच ती सांगते. बाकीच्या नव्व्याण्णवांच्या स्वभावाविषयी ती चकार शब्द काढत नाही. अपवादासाठी केलेली व्यवस्था साऱ्या समाजावरील निकाल म्हणून वाचणे, ही हॉब्जच्या वाचकांची जुनी खोड आहे. धरमपेठकर यांचा मुद्दा मी अर्धा स्वीकारतो: माणूस बदलू शकतो, हे गृहीत धरावेच लागते. पण ते किमान गृहीतक आहे, स्वभावाचे चित्र नव्हे. 'अमक्यांच्या अंगी ते येणारच नाही' असे जो म्हणतो, पुरावा त्याने द्यावा. ज्याच्याविषयी म्हटले जाते त्याने नव्हे.

धरमपेठकर : पुराव्याची ही वाटणी मला मान्य आहे. तरीही शिक्षेचा प्रश्न उरतोच: बदल शक्य आहे एवढ्यावरच थांबलो, तर जन्मठेपेचा कैदी केव्हा सोडावा, हे कोणत्या आधारावर ठरवणार? तेथे तो माणूस कसा आहे, हे कोणाला तरी सांगावेच लागते.