युरोपातली रग्बी लीग: आधी देशांची स्पर्धा, की आधी गावातलं मैदान?

तुलूजकर (धागालेखक)

२९ जून २०२४ ला इथे तुलूजमध्ये एर्नेस्त-वालों मैदानावर फ्रान्स-इंग्लंड सामना बघायला गेलो होतो. रग्बी लीग, म्हणजे तेरा जणांची रग्बी. सोबत ऑफिसातले एक पंचावन्नीचे गृहस्थ, मूळ कार्कासोनकडचे. निघताना त्यांनी तिरंगी झेंडा काठीसकट गाडीत टाकला होता. मध्यंतरानंतर बघतो तर झेंडा नीट घडी घालून पिशवीत. विचारलं तर म्हणाले, "काठी मागच्यांच्या डोळ्यात जाते." निकाल इंग्लंड ४०, फ्रान्स ८. आदल्या वर्षी वॉरिंग्टनला ६४-० झालं होतं, म्हणजे प्रगतीच म्हणायची.

खेळ माहीत नसेल त्यांच्यासाठी: कबड्डी बघणाऱ्याला लीग समजायला पाच मिनिटं पुरतात. चेंडू घेऊन घुसायचं, समोरच्यांनी पकड करायची. पकडला गेलेला गडी उठून उभा राहतो, चेंडू पायाने मागे सरकवतो, खेळ पुढे चालू. अशा सहा पकडी झाल्या की चेंडू समोरच्यांकडे. पंधरा जणांच्या रग्बीत (तिला युनियन म्हणतात) पकडीनंतर माणसांचा जो ढीग पडतो तो इथे नाही. दोघींची वाटणी १८९५ ची, हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलातली, आणि ती झाली पैशावरून. शनिवारी खाणीतली पाळी बुडवून खेळणाऱ्याला बुडालेली मजुरी द्यायची की नाही, एवढाच वाद.

आता मुद्दा. २०२२ मध्ये झालेल्या विश्वचषकात (कोविडमुळे वर्षभर लांबलेला, नाव २०२१ चंच) १६ पैकी ७ संघ युरोपचे होते: इंग्लंड, फ्रान्स, वेल्स, स्कॉटलंड, आयर्लंड, इटली आणि ग्रीस. २०२६ च्या विश्वचषकात संघ १०, त्यात युरोपचे दोन. इंग्लंड आणि फ्रान्स. खरं तर ही स्पर्धा २०२५ ला फ्रान्समध्येच व्हायची होती. २०२३ मध्ये पैशाचं गणित जुळेना म्हणून फ्रान्सने हात वर केले आणि ती ऑस्ट्रेलियाकडे गेली.

माझं म्हणणं सरळ आहे. युरोपातल्या देशांना दरवर्षी, ठरलेल्या तारखांना, आपसात खेळायची स्पर्धा हवी. वरचा गट, खालचा गट, वर जायची आणि खाली यायची सोय. वरच्या गटातल्या विजेत्याला मोठ्यांच्या पंगतीत एक पाट. हे काही मी झोपेत रचलेलं नाही. २०१४ ची युरोपियन स्पर्धा स्कॉटलंडने जिंकली, त्याबद्दल २०१६ च्या फोर नेशन्समध्ये (तीन मोठे देश आणि चौथा पाहुणा, अशी स्पर्धा) त्यांना जागा मिळाली, आणि वर्किंग्टनला त्यांनी न्यूझीलंडला १८-१८ वर रोखलं. पुढे फोर नेशन्सच बंद पडली. पाटच उचलला. २०२२ ला त्याच स्कॉटलंडला ऑस्ट्रेलियाने ८४-० ने धुतलं.

बोला.

हडर्सफील्डची सून

असहमत. तुम्ही जॉर्ज हॉटेलचं नाव काढलंत म्हणून लिहिते, स्टेशनातून बाहेर पडलं की ते समोरच आहे.

या गावात लीग म्हणजे क्लब. सासऱ्यांना इंग्लंडचा संघ विचाराल तर चार नावं अडखळत सांगतील, क्लबचा १९७० च्या दशकातला संघ मात्र झोपेतून उठवून विचारा. सुपर लीगच्या (म्हणजे क्लबांच्या सगळ्यात वरच्या स्पर्धेच्या) २७ फेऱ्या, वर चॅलेंज कप ही बाद पद्धतीची स्पर्धा, वर प्लेऑफ. ऑक्टोबरपर्यंत खेळाडूंच्या खांद्यांना पट्ट्याच पट्ट्या. त्यानंतर त्यांनी बेलग्रेडला जायचं?

आणि पैसा कुठून येतो ते बघा. २०२५ च्या शरद ऋतूत ऑस्ट्रेलियाविरुद्धची लीगमधली अ‍ॅशेस मालिका झाली, २००३ नंतर पहिल्यांदा. ३-० हरलो. तरी आमच्या घरातून दोन गाड्या भरून लोक वेम्बलीला गेले होते. वेल्सविरुद्धच्या सामन्याची तिकिटं फुकट वाटली तर त्यातली एक गाडी निघेल का, मला शंका आहे. आधी क्लब मजबूत करा. क्लबमधून खेळाडू, खेळाडूंतून देश. उलटं होत नाही.

तुलूजकर

ताई, क्लबातून देश घडतो म्हणता ना, मग आमच्या शेजारचं पर्पिन्यां बघा. तिथला कातालान्स ड्रॅगन्स २००६ पासून सुपर लीगमध्ये आहे. २०१८ ला वेम्बलीवर वॉरिंग्टनला २०-१४ हरवून चॅलेंज कप जिंकला, इंग्लंडबाहेरचा पहिलाच क्लब. दोनदा सुपर लीगच्या अंतिम सामन्याला, ग्रँड फायनलला, गेला. आणि देशाचा निकाल? ६४-०. क्लबने कप आणायला भरवशाचे गडी ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडहून आणले. क्लबच्या जागी बसून बघितलं तर बरोबरच केलं. पण गावातल्या पोराला मोक्याच्या जागा कधी मिळायच्या?

१९९६ चं पॅरिस तर विसरायलाच नको. सुपर लीग सुरू करताना पॅरिसमध्ये क्लब उभा केला, पहिल्या सामन्याला शार्लेटीवर १७,८७३ लोक, शेफील्डवर ३०-२४ विजय. दोन हंगामांत दुकान बंद.

चढाई_सांगली

रग्बीतलं मला ओ की ठो कळत नाही, कबड्डीतलं कळतं. तुलना तुम्हीच काढलीत म्हणून सांगतो.

इराण कसा मोठा झाला? प्रो कबड्डीमुळे. फजल अत्राचली यू मुंबाकडून खेळला. डाव्या कोपऱ्यात उभा राहून आपल्या चांगल्या चांगल्या चढाईपटूंचे घोटे कसे धरायचे ते इथल्याच मॅटवर घोटून घेतलं. मग २०१८ ला जकार्तात आशियाई स्पर्धेच्या उपांत्य फेरीत आपल्याला २७-१८ ने बाहेर काढलं. कबड्डी तिथे सुरू झाल्यापासून सुवर्णपदक आपलंच होतं, ते गेलं. सामना बघताना आमच्या तालमीत चहा तसाच गार झाला होता.

तर पोरांना चांगल्या क्लबात घाला, देश आपोआप वर येतो. हडर्सफील्डच्या वहिनींशी सहमत.

तुलूजकर

@चढाई_सांगली, उदाहरण झकास आहे, पण एक सामना विसरलात. २०१४, इंचॉन, आशियाई स्पर्धेचा अंतिम सामना: भारत २७, इराण २५. तेव्हा प्रो कबड्डीचा एक हंगाम जेमतेम संपला होता आणि फजल त्यात नव्हता, तो दुसऱ्या हंगामात आला. त्याआधी २०१० ला ग्वांगझूमध्येही रौप्य इराणलाच. म्हणजे दर चार वर्षांनी झेंड्याखाली खेळायला मिळतंय, आपल्याशी भिडायला मिळतंय, हे इराणी पोरांना आधीपासून ठाऊक होतं. ती आशियाई स्पर्धा नसती तर फजल कबड्डीकडे वळला तरी असता का?

चढाई_सांगली

इंचॉनला दोन गुण कमी पडले होते. ते कुठे भरून निघाले? मुंबईत. आता बोला 😀

निवृत्त_पंच

सगळे मुख्य दुखणं सोडून बोलताय. युरोपातले हे "देश" देश आहेत का? हे आजोळचे संघ आहेत. नियम असा की आजी किंवा आजोबा त्या देशातले असले की खेळता येतं. सिडनीत जन्मलेला, सिडनीत वाढलेला गडी, नोनोचं (आजोबांचं) गाव इटलीत, झाला इटालियन. मे महिन्याच्या सुट्टीत आजोळी जायचं, आंबे खायचे, जून लागला की परत.

जेम्स टेडेस्को हे नाव बघा. २०१३ आणि २०१७ ला इटलीकडून खेळला. २०२२ ला ऑस्ट्रेलियाचा कर्णधार म्हणून विश्वचषक उचलला. त्याला दोष नाही, नियमात बसतं. पण त्यातून इटलीतल्या एखाद्या गावात एक तरी गोलखांब जास्तीचा उभा राहिला का? आमच्याकडे गणपतीतल्या कबड्डी स्पर्धेला काही मंडळं बाहेरचे गडी आणतात. ढाल मंडळाच्या कपाटात जाते, गावातली पोरं चटया उचलायला.

तुमची दरवर्षीची स्पर्धा झाली तर ती याच पाहुण्यांची होणार. विमानाचा खर्च वर.

परसातला_फुलबॅक

पंचसाहेब, आजोळाला इतकं हिणवू नका. २०१७ ला जेसन टॉमालोलोने न्यूझीलंड सोडून टोंगा निवडलं, अँड्र्यू फिफिटाने ऑस्ट्रेलिया सोडून. टोंगाने न्यूझीलंडला २८-२२ हरवलं. उपांत्य फेरीत इंग्लंडला घाम फोडला, २०-१८. तो विश्वचषक लोकांना आठवतो तो टोंगामुळे, लाल झेंड्यांनी भरलेल्या स्टँडमुळे.

क्रिकेटमध्येही तेच. इटली २०२५ ला टी-ट्वेंटी विश्वचषकासाठी पात्र ठरली तेव्हा कर्णधार होता जो बर्न्स, ऑस्ट्रेलियाकडून कसोटी खेळलेला. आपण कौतुकच केलं की.

निवृत्त_पंच

टोंगाचा माणूस ऑकलंडमध्ये राहिला तरी घरात टोंगन बोलतो, रविवारी टोंगन चर्चला जातो. ते आजोळ नव्हे, घर आहे. युरोपच्या नावावर खेळणाऱ्यांतल्या किती जणांचं तसं आहे?

जुनी_कात्रणं

धाग्यात एक मोठा खड्डा राहिलाय तो बुजवतो. फ्रान्स लीगमध्ये मुळात दुबळा, असा सूर लागतोय. साफ चूक.

१९३४ च्या सुमारास झां गालियाने हा खेळ फ्रान्समध्ये आणला आणि दक्षिणेत तो वणव्यासारखा पसरला. मग १९४० ला देश जर्मनीपुढे पडला आणि विशी गावातून चालणारं जर्मनधार्जिणं सरकार आलं. युनियनवाल्यांचं त्या सरकारात वजन. डिसेंबर १९४१ च्या हुकमाने लीग संघटना बरखास्त, मालमत्ता जप्त. खेळाडू, मैदानं, कार्यालयं, सगळं गेलं. युद्धानंतर खेळ परत सुरू झाला, पण "रग्बी" हा शब्द वापरायला मनाई! नव्वदच्या दशकापर्यंत अधिकृत नाव "तेरांचा खेळ".

तरीही हे वाचा: १९५१ ला फ्रान्सने ऑस्ट्रेलियात जाऊन मालिका २-१ जिंकली, शेवटची कसोटी ३५-१४. फुलबॅक प्वीग-ओबेर, टोपणनाव पिपेत, कारण ओठांत सतत सिगारेट. १९५४ चा पहिलावहिला विश्वचषक भरवला फ्रान्सनेच, आणि अंतिम सामन्यात ग्रेट ब्रिटनकडून १६-१२ असा निसटता पराभव. ज्यांची मैदानं हिसकावली त्यांनी दहा-बारा वर्षांत हे केलं. त्यामुळे वार्षिक स्पर्धा हा उपाय मला वरवरचा वाटतो. शाळा कुणाच्या, नगरपालिकेचं मैदान कुणाला, हे ठरवणारे युनियनचे असतील तर तुमच्या स्पर्धेला अकरावी-बारावीतली पोरं मिळणार कुठून?

ग्रीसचंही तेच. विश्वचषकाला पात्र ठरलेला देश, आणि घरी खेळाला सरकारी मान्यता नाही. सामने रात्री, गुपचूप.

तुलूजकर

@जुनी_कात्रणं, अप्रतिम प्रतिसाद, कार्कासोनच्या सहकाऱ्याला दाखवणार. पण ग्रीसची गोष्ट अर्धी सोडलीत. मान्यता मिळाली २०२२ मध्ये, विश्वचषक तोंडावर असताना. योगायोग म्हणा हवं तर. मला वाटतं, संघ इंग्लंडला निघालाय, टीव्हीवर दिसणार, हे कळल्यावरच सरकारी फाइल हलते. मैदान मागायला जाताना हातात काहीतरी तारीख लागते.

उंटावरचा

अवांतर, तरी लिहितो. दरवर्षीची स्पर्धा, खालचा गट, वरचा गट, सगळं युनियनमध्ये आहे. जॉर्जिया तिथे खालच्या स्पर्धेत जिंकून जिंकून दमला. २०२२ मध्ये इटलीला २८-१९ हरवलं, नोव्हेंबरात कार्डिफला जाऊन वेल्सला १३-१२. सिक्स नेशन्सचं, म्हणजे युरोपातल्या वरच्या सहा देशांच्या स्पर्धेचं, दार उघडलं? नाही. वरचे आपली जागा सोडत नसतात. तुमच्या लीगमध्ये इंग्लंड वेगळं वागेल?

हडर्सफील्डची सून

नाही वागणार 😀 मीच सांगते.

स्वान्सीचा_भाचा

दक्षिण वेल्समध्ये सात वर्षं काढली आहेत म्हणून बोलतो. वेल्सने लीगला काय दिलं त्याची यादी काढा. कार्डिफच्या बंदराजवळचा बिली बॉस्टन विगनला गेला. २०२५ ला त्याला 'सर' केलं, लीगच्या खेळाडूंत पहिलाच. त्याच शहरातला क्लाइव्ह सलिव्हन हलला गेला, १९७२ ला ग्रेट ब्रिटनचा कर्णधार म्हणून विश्वचषक जिंकला. ब्रिटनच्या कुठल्याही खेळातला पहिला कृष्णवर्णीय कर्णधार. शंभर वर्षं "उत्तरेला जाणं" (युनियन सोडून उत्तर इंग्लंडात लीग खेळायला जाणं) हा वाक्प्रचारच झाला तिथे.

उत्तरेने बदल्यात काय पाठवलं? २०२६ च्या विश्वचषकात वेल्स नाही. इंग्लंडने वर्षाला एक सामना कार्डिफमध्ये खेळावा, तोटा झाला तर सोसावा. उपकार नव्हे, जुनी उधारी आहे. वहिनी, सासऱ्यांना विचारा त्यांच्या त्या १९७० च्या संघात वेल्सचे किती होते.

हडर्सफील्डची सून

विचारलं. बोटं मोजायला लागले आणि मग विषय बदलला.

ठीक आहे, उधारीचा मुद्दा मान्य. पण हिशेब तरी मांडा. तीसेक माणसांचा ताफा, विमान, हॉटेल, विमा, क्लबने सोडायचा खेळाडू, त्याचा गुडघा गेला तर पगार कुणी द्यायचा? लीगच्या युरोपियन संघटनेच्या तिजोरीत काय खडखडाट आहे ते सगळ्यांना माहीत आहे. तुलूजकर, तुम्ही "दरवर्षी" हा शब्द फार सहज वापरताय.

चाकं_आणि_चेंडू

सगळ्यांनी एक गोष्ट सोडली. व्हीलचेअर रग्बी लीग. पाच-पाच जणांचा संघ, बाई-पुरुष एकत्र, अपंग नसलेलेही खेळू शकतात, पकड म्हणजे दंडावरची पट्टी खेचायची. तिथे २०१३ आणि २०१७ चे विश्वविजेते फ्रान्स. २०२२ चा अंतिम सामना मँचेस्टरला, इंग्लंड २८, फ्रान्स २४, शेवटच्या मिनिटांपर्यंत काय होईल सांगता येत नव्हतं. चुरस म्हणतात ती ही. खुर्च्या एकमेकींवर आदळतात तो आवाज एकदा ऐका.

तुलूजकर

चाकंवाले, हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं. तिथे फ्रान्स-इंग्लंड तुल्यबळ आहेत आणि दोघांनाही दुसऱ्याशी खेळायची भूक आहे.

आता दोन गोष्टींत माघार. पंचसाहेबांचं आजोळ: संघात निम्मे तरी त्या देशाच्या स्वतःच्या क्लबांत खेळणारे असावेत, ही अट मी घालेन, मग पहिली काही वर्षं निकाल वाईट लागले तरी चालतील. आणि ताईंचा हिशेब: बेलग्रेड-अथेन्स खालच्या गटात, एकाच गावात आठवडाभर सगळे संघ, एक हॉटेल, दोन मैदानं. वरच्या गटात फ्रान्स, वेल्स, आयर्लंड, स्कॉटलंड. इंग्लंड सध्या नकोच. त्यांना अ‍ॅशेस खेळू दे.

उंटावरच्यांना मात्र उत्तर नाही माझ्याकडे. दार वरच्यांच्याच हातात आहे.

काल डबा खाताना कार्कासोनवाल्यांना धागा वाचून दाखवला, जमेल तसं फ्रेंच करत. विशीच्या परिच्छेदाला त्यांनी काटा खाली ठेवला. आजोबांच्या क्लबची घंटागाडीसारखी एक गाडी होती म्हणे, तीही नेली. मग वेल्सविरुद्ध दरवर्षी सामना ही कल्पना सांगितली. म्हणाले, "वेल्स? हो. त्यांच्याशी हरलो तर राग तरी येईल."

हडर्सफील्डची सून

कार्डिफचं तिकीट काढतील का पण? पदरच्या पैशाने?

तुलूजकर

उद्या विचारतो. झेंड्याची काठी विमानात नेता येते का तेही बघावं लागेल.