तुम्ही ब्लॉग लिहिणं का थांबवलंत?

रानजाई
परवा लेकीला प्रोजेक्टसाठी गौरीच्या नैवेद्याचे फोटो हवे होते. शोधता शोधता माझाच जुना ब्लॉगस्पॉट सापडला! उजवीकडे 'मी वाचते ते ब्लॉग' अशी यादी. एकेक उघडत बसले. बहुतेक २०११ ते २०१४ च्या दरम्यान थांबलेले, आणि शेवटची पोस्ट हमखास "खूप दिवसांनी लिहितेय, आता नियमित लिहीन". एका पत्त्यावर तर रम्मीची जाहिरात.

तेव्हा मराठीब्लॉग्ज.नेटवर (सगळ्या मराठी ब्लॉगांच्या नव्या पोस्ट तिथे दिसायच्या) पोस्ट झळकली की नेहमीची मंडळी हजर. कोणी भांडून गेलं नाही की निरोप घेतला नाही. तुम्ही लिहायचात का? का थांबलात?

निवांत काका
गूगल रीडर. १ जुलै २०१३ ला बंद केलं. कुणी काय नवं लिहिलं ते सकाळच्या चहाबरोबर एका जागी दिसायचं. ते गेल्यावर वाचणं सुटलं, वाचणं सुटल्यावर प्रतिक्रिया देणं, आणि मग लिहिणंही.
आमची सुरुवात बराहा या टंकायच्या सॉफ्टवेअरवर. विंडोज ९८ वर ऱ्हस्व वेलांटी भलतीकडेच लटकायची. तरी हौस केवढी! आता फोनला तोंडी सांगितलं तरी मराठी उमटतं, तर सांगायला काही नाही.

वऱ्हाडी ठेचा
काका, २००६ विसरले काय? मुंबईच्या लोकलमधल्या स्फोटांनंतर जुलैत सरकारनं मोजक्या साइट बंद करा म्हटलं, तं नेटवाल्यांनी अख्खं ब्लॉगस्पॉटच बंद केलं. लोकं प्रॉक्सी शोधू शोधू वाचत होते तवा. मंग फेसबुक आलं. दोन ओळी टाकल्या का पन्नास अंगठे. हजार शब्द कोन लिहिते?

अबोली
सासरी कळलं म्हणून. टोपणनावाने लिहायचे. नणंदेनं एका फोटोतल्या पिवळ्या बादलीवरून अंगण ओळखलं. कोणी काही बोललं नाही हो. पण नंतर प्रत्येक वाक्याला सासूबाई वाचताहेत असं वाटायचं. किती दिवस लिहिणार मग सणवार आणि पाऊस?

रानजाई
@अबोली अगं, बादली!! 😄 टोपणनाव काय होतं? मी वाचत असणार तुला.

अबोली
व्यनि (खाजगी निरोप) करते.

सोलकढी
चोरी. आजीवरचा लेख आधी ढकलपत्रातून (फॉरवर्ड मेलमधून) फिरला, मग व्हॉट्सॲपवर, खाली 'लेखक अनामिक'. एका पेपरच्या पुरवणीत चक्क दुसऱ्या बाईंच्या नावाने. मेल केला तर म्हणे "वाचकांनी पाठवलेला मजकूर आहे". राइट क्लिक बंद केलं, लोकांनी स्क्रीनशॉट काढले. कहर म्हणजे मावशीनं तोच लेख मला पाठवला. "बघ किती छान लिहिलंय, तूही असं काहीतरी लिहीत जा."

गच्चीवरची बाग
मावशी 😂😂
माझा रेसिपीचा होता. सगळ्या मैत्रिणी यूट्यूबवर गेल्या, मला कॅमेऱ्यासमोर बोलता येत नाही. शिवाय "ताई प्रमाण सांगा". अगं, प्रमाण वरच लिहिलंय ना! थालीपिठाच्या भाजणीवर मात्र लोक अजून येतात.

निवांत काका
भाजणीत धने किती?

गच्चीवरची बाग
काका 🙏 किलोभराला मूठभर. वेगळे भाजा, करपतात.

डोंगरवाटा
मी थांबलेलो नाही. प्रतिक्रिया शून्य, पण हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेवरच्या पोस्टमुळे दर हिवाळ्यात मेल येतात. वाटेत पाणी कुठे, उतरायला किती वेळ, दोर लागतो का. माहितीचं लिखाण वाचक शोधत येतो. मनातलं लिहिणाऱ्याला ओळखीची माणसंच लागतात, ती उठून गेली की संपलं.

उसंत
पटलं. पण मला 'का थांबलात' हा प्रश्नच जरा उगाच वाटतो. आम्ही पंचविशीत होतो, न्यू जर्सीत एकटे, बाहेर बर्फ. लिहिणार नाही तर काय? मग पोरं, हप्ते. नंतरची पंचविशीतली पोरं इन्स्टावर गेली, ब्लॉगात नवी भरतीच झाली नाही. मायबोली ही साइट १९९६ पासून चालू आहे, कारण तिथे एक थकला तर दुसरा लिहितो. ब्लॉगचा मालक थकला की खेळ खलास.

समूह टिकतो का म्हणाल तर पुण्याच्या ब्लॉगर मेळाव्यात भेटलेले आम्ही काही जण अजून एका ग्रुपवर आहोत. लिखाणाबद्दल चकार शब्द नाही, नुसते सुप्रभात. पण माझ्या बाबांना रक्त लागलं तेव्हा मी तिकडे अडकलेला, आणि इकडे त्यातले दोघं रात्री रक्तपेढीत उभे. एकाचं खरं नाव मला त्या दिवशी कळलं.

वऱ्हाडी ठेचा
मेळाव्यात आपुन बी होतो! चष्मा, निळा शर्ट, बटाटेवड्याच्या रांगेत पुढं.

उसंत
रांगेत सगळेच पुढे होते राव.

डोंगरवाटा
रानजाई, ब्लॉगस्पॉटच्या सेटिंगमधून बॅकअप उतरवून ठेवा. फोटो आलेत का तेही बघा, नसतील तर वेगळे घ्या.

रानजाई
फोनवरून होतं का हो?

डोंगरवाटा
होतं, पण लॅपटॉपवरून बरं पडेल.