आरफॅक्टर २ चं पुढे काय? जाणकारांनी आपापले अनुभव लिहा

रामबागी:
जुनी हार्ड डिस्क रिकामी करायला घेतली तर २००५ च्या आरफॅक्टर या कार रेसिंग सिम्युलेटरचं फोल्डर निघालं. लोकांनी घरी बसून बनवलेल्या गाड्या, ट्रॅक, सगळं जसंच्या तसं. तेव्हापासून एकच प्रश्न डोक्यात आहे, म्हणून हा धागा. इंदूर, ग्वाल्हेर, बडोद्याला स्टिअरिंग टेबलाला कसून बसणारे आता बरेच आहेत, त्यांनी लिहावं.

थोडी उजळणी. अमेरिकेतल्या अ‍ॅन आर्बरच्या आयएसआय कंपनीने आरफॅक्टर काढला. आरफॅक्टर २ चा बीटा (चाचणीची आवृत्ती) २०१२ मध्ये, पूर्ण आवृत्ती २०१३ मध्ये. २०१६ पासून काम नेदरलँड्सच्या स्टुडिओ ३९७ कडे गेलं, त्यांनी २०१७ मध्ये डायरेक्टएक्स ११ आणि व्हीआर दिलं. २०२१ मध्ये मोटरस्पोर्ट गेम्सने तो स्टुडिओच घेतला. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याच पायावर ले मान्स अल्टिमेट (एलएमयू) आला आणि सगळी मेहनत तिकडे वळली.

माझं मत आधीच सांगतो. टायर रस्त्याला धरतो कसा आणि सुटतो कसा, हे हातात सांगण्यात आरफॅक्टर २ आजही पहिल्या रांगेत आहे. रिअलरोडमुळे गाड्या फिरतील तसा रेसिंग लाइनवर रबर बसत जातो आणि पकड वाढते. पण सिम्युलेटर किती वर्षं जगेल हे ठरतं त्यात बाहेरच्या माणसाला फाइल टाकता येते का, यावर. तुम्हाला काय वाटतं?

लष्करचा:
आमच्या ग्वाल्हेरला सगळ्या घराण्यांची गंगोत्री म्हणतात ना, तसंच आयएसआयच्या जीमोटर इंजिनचं, म्हणजे खेळाच्या पायाभूत सॉफ्टवेअरचं, आहे. सिमबिनचा जीटीआर २ त्यातला, रेसरूम त्यातला, ब्राझीलच्या रेइझाचा पहिला ऑटोमोबिलिस्टा त्यातला, आणि आता एलएमयूही. ऑटोमोबिलिस्टा २ तेवढा निराळ्या घरचा, तो प्रोजेक्ट कार्सच्या मॅडनेस इंजिनवर आहे. तेव्हा आरफॅक्टर संपला म्हणू नका, नाव बदलून गातोय.

सुदामानगर_४२:
एलएमयूमध्ये मॉड, म्हणजे बाहेरच्या लोकांनी बनवलेल्या गाड्या-ट्रॅक, चालत नाहीत. माझ्यापुरता विषय इथेच संपला.

रामबागी:
@सुदामानगर_४२ तेच तर दुखणं आहे. गाड्या आणि ट्रॅक फक्त कंपनी देईल तेवढेच. डब्ल्यूईसीच्या (जागतिक एन्ड्युरन्स मालिकेच्या) हायपरकार अप्रतिम आहेत, हायब्रिडच्या बॅटरीची ताकद कधी लागते ते, टायर गरम व्हायला लागणारा वेळ, सगळं मन लावून केलंय. पण उद्या गाड्यांचं लायसन्स संपलं तर?

स्वरा_जीटी३:
लायसन्स संपलं की काय होतं ते प्रोजेक्ट कार्समध्ये दिसलंच. २०२२ मध्ये पहिला आणि दुसरा दोन्ही विक्रीतून काढले. ज्यांच्याकडे होते त्यांचे चालू राहिले, नवीन कोणाला मिळेना. तो बनवणाऱ्या स्लाइटली मॅडला कोडमास्टर्सने घेतलं, कोडमास्टर्सला ईएने घेतलं, आणि मालिका बंद.

मी आयरेसिंग या ऑनलाइन सिम्युलेटरच्या बाजूने बोलणार आहे, रागवू नका. डेव्ह केमरने पॅपिरसमध्ये ग्रां प्री लेजंड्स केला १९९८ मध्ये, तोच माणूस २००८ ला आयरेसिंग घेऊन आला. ट्रॅक लेझर स्कॅनचे, फिजिक्सचा हिशेब सेकंदाला ३६० वेळा, २०२४ पासून पाऊसही. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सेफ्टी रेटिंग. धडकलात की घसरतं, त्यामुळे पहिल्या वळणावर समोरचा सहसा सांभाळून ब्रेक मारतो. सार्वजनिक सर्व्हरवर ही शिस्त पैसे देऊनही मिळत नाही.

खर्च मात्र आहे. मासिक वर्गणी वेगळी, गाडी साधारण १२ डॉलर, ट्रॅक १२ ते १५ डॉलर. म्हणून नवीन येणाऱ्यांनी सिझनचं वेळापत्रक आधी उघडून बसायचं, एकच मालिका निवडायची, आणि त्यातले जे ट्रॅक दुसऱ्या मालिकेतही येतात तेवढेच घ्यायचे. एकदम जास्त घेतलं तर एकगठ्ठा सवलत मिळते, ती बघून मगच पैसे भरा.

दांडियाबाजार:
बडोद्यातून हजर. स्वराताई, वर्गणी थांबली की घेतलेली गाडीही चालवता येत नाही, तेही लिहा की.

स्वरा_जीटी३:
खरं आहे. लिहिलं समजा.

पिंग_मास्तर:
सगळे टायरवर बोलताहेत, तारेवर कोणी बोलत नाही. हिशेब करा. २०० किमी वेगाने गाडी सेकंदाला ५५.५ मीटर जाते. पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ, १५० मिलिसेकंद असेल तर समोरच्याची गाडी तुम्हाला जिथे दिसते तिथून ती प्रत्यक्षात ८ मीटर पुढे असू शकते. म्हणजे जवळजवळ दोन गाड्यांची लांबी. सिम्युलेटर मधली जागा अंदाजाने भरतो, आणि समोरच्याने अचानक ब्रेक मारला की अंदाज चुकतो. म्हणून युरोपच्या सर्व्हरवर कोणाच्या मागच्या बंपरला चिकटून ब्रेकिंग झोनमध्ये शिरू नका. तुम्ही लावला नसला तरी त्याच्याकडे धक्का लागलेला दिसतो.

पिंगपेक्षा वाईट जिटर. सारखं १५० परवडतं, ६० ते २०० नाचणारं परवडत नाही. वायफाय बंद करा, राउटरपासून थेट कॅट ६ ची केबल ओढा. घरात कोणी मोबाइलवरून व्हिडिओ अपलोड करत असेल तर शर्यतीपुरतं थांबवायला सांगा, अपलोड भरला की जिटर येतोच.

मालव_मॅकॅनिक:
भिया, स्वतःचा सर्व्हर का नाही लावत? असेटो कोर्सा या सिम्युलेटरचा सर्व्हर फुकट आहे. राउटरवर ९६०० पोर्ट टीसीपी आणि यूडीपी दोन्हींसाठी उघडायचा, ८०८१ टीसीपी उघडायचा, झालं. कंटेंट मॅनेजर या अ‍ॅपमधून ट्रॅक आणि गाड्या निवडून सर्व्हरचं फोल्डर बांधून मिळतं.

पिंग_मास्तर:
"झालं" नाही होत. आपल्याकडे बहुतेक ब्रॉडबँडवर सीजीनॅट असतं, अनेक घरं मिळून एकच बाहेरचा पत्ता. राउटरच्या पानावर वॅनचा, म्हणजे बाहेरच्या जोडणीचा, आयपी बघा. १०० पासून सुरू होऊन दुसरा आकडा ६४ ते १२७ मध्ये असेल तर पोर्ट कितीही उघडा, बाहेरून कोणी आत येणार नाही. केबलवाल्याकडून पब्लिक आयपी मागून घ्या, त्याचे थोडे जास्त पैसे पडतात. नाहीतर मुंबईतलं एखादं छोटं क्लाउड मशीन भाड्याने घ्या. इंदूर, बडोदा, ग्वाल्हेर तिघांनाही ते बरं पडतं.

मालव_मॅकॅनिक:
हे माहीत असूनही लिहायचं राहिलेले निम्मे लोक असतील इथे. धन्यवाद मास्तर.

रामबागी:
आरफॅक्टर २ च्या सर्व्हरबद्दल एक जोड. स्टीम वर्कशॉपवरून उतरवलेली मॉड आपोआप अपडेट होते, सर्व्हरवरची जुनीच राहते, मग आवृत्ती जुळत नाही आणि कोणालाच आत शिरता येत नाही. लीग चालवणाऱ्याने शर्यतीच्या आदल्या रात्री सर्व्हरचे घटक अपडेट करून पॅकेज परत बांधायचं, आणि स्वतः दुसऱ्या मशिनवरून आत जाऊन बघायचं.

रोज_पोहे:
शनिवारी इंदूरच्या छप्पन दुकानला कोण कोण येतंय?

लष्करचा:
ग्वाल्हेरहून पोह्यांसाठी नाही येत दादा, पण सराफ्याच्या खाऊगल्लीची रात्र ठेवलीत तर विचार करू.

दांडियाबाजार:
धागा कुठे, पोहे कुठे. चालू द्या.

सर्व्हरचाच विषय निघालाय तर जानेवारी २०२३ ची ले मान्स व्हर्च्युअल ही ऑनलाइन शर्यत विसरू नका. आरफॅक्टर २ वरच होती. सर्व्हर कोसळले, लाल झेंडे लागले, आणि आघाडीवर असलेल्या एफ१ चालक व्हर्स्टॅपनचं कनेक्शन तुटलं. त्याने उघड नाराजी बोलून दाखवली. टायर मॉडेल जगात सर्वोत्तम असलं तरी जोडणी टिकत नसेल तर मोठ्या शर्यती येणार नाहीत. एलएमयूमध्ये रेसकंट्रोल या ऑनलाइन सेवेवर रोजच्या ठरावीक शर्यती आणि रेटिंग आणलं, ती कमतरता भरून काढायलाच. माझ्या मते कंपनीने योग्य केलं.

सुदामानगर_४२:
मग आरफॅक्टर २ चं काय?

दांडियाबाजार:
ऑफलाइन आणि खाजगी लीग. तेवढ्यासाठी अजून बरीच वर्षं पुरेल.

पेडलकाका:
सिम्युलेटर कोणताही घ्या, पेडल धड नसेल तर सगळं वाया. लॉजिटेकच्या जी२९ स्टिअरिंग-सेटचा ब्रेक पोटेन्शिओमीटरवर आहे, तो पाय किती खाली गेला ते मोजतो. पायाला अंतर नीट लक्षात राहत नाही, दाब राहतो. म्हणून दाब मोजणारा लोडसेल.

घरी करायचं तर: ५० किलोचे वजनकाट्याचे सेन्सर, सेन्सरचा सिग्नल आकड्यात बदलणारा एचएक्स७११ चा बोर्ड, आणि ३२यू४ चिपचा प्रो मायक्रो हा छोटा कंट्रोलर बोर्ड. अर्डुइनो उनो घेऊ नका, तो संगणकाला सरळ जॉयस्टिक म्हणून दिसत नाही. वजनकाट्याचा तीन तारांचा सेन्सर हा अर्धाच ब्रिज (मोजमापाचं अर्धं सर्किट) असतो, एकच वापरत असाल तर १ किलोओहमचे दोन रेझिस्टर लावून ब्रिज पूर्ण करा, नाहीतर वाचन भलतंच येतं.

आता सगळ्यात जास्त लोक जिथे अडकतात ते. एचएक्स७११ कारखान्यातून सेकंदाला १० वाचनांवर येतो. ब्रेक दाबल्यावर उशीर जाणवतो आणि लोक कोडला दोष देतात. चिपचा १५ नंबरचा रेट पाय जमिनीला जोडलेला असतो, तो उचलून पुरवठ्याला जोडा, म्हणजे ८० वाचनं मिळतात. सोल्डरिंग बारीक आहे, भिंग लागेल.

वेल्डर_सांगा:
पेडलकाका, ५० किलो दाबला तर खुर्ची मागे जाते, त्याचं काय?

पेडलकाका:
रिग, म्हणजे खुर्ची-पेडलचा लोखंडी सांगाडा, बांधा. लोहामंडीतून ४० बाय ४० चा चौरस पाइप घ्या, भिंत २ मिमीची. १.२ वाला स्वस्त पडतो पण पेडल प्लेट दर ब्रेकला लवते, आणि लवली की लोडसेलचं वाचनही हलतं. पेडल प्लेटखाली आडवा आधार द्या, तिथेच सगळा जोर येतो. चाकाची खुर्ची नको.

वेल्डर_सांगा:
समजलं काका. रविवारी माप घेतो.

स्वरा_जीटी३:
जी२९ वाल्यांसाठी माझ्याकडूनही. गिअरचं स्टिअरिंग असल्यामुळे मधोमध थोडा भाग मेलेला असतो. असेटो कोर्सात मिनिमम फोर्स १० ते १५ च्या दरम्यान ठेवून बघा. सरळ रस्त्यावर हात सोडल्यावर चाक डावी-उजवीकडे थरथरायला लागलं की जास्त झालं, दोन-दोनने उतरवा. डायरेक्ट ड्राइव्हवर, म्हणजे मोटर थेट चाकाला जोडलेल्या स्टिअरिंगवर, हे शून्यच हवं. आणि पेडलच्या अ‍ॅपमध्ये फोर्सचा पट्टा वळणात सारखा लाल होत असेल तर गेन (जोराची पातळी) कमी करा. लाल म्हणजे क्लिपिंग, त्यापुढचं काहीच हाताला कळत नाही.

वीज_गेली:
डायरेक्ट ड्राइव्हवाल्यांनो, स्टिअरिंगचा अ‍ॅडॉप्टर आणि संगणक एकाच यूपीएसवर ठेवा. संगणक चालू राहिला आणि स्टिअरिंग बंद होऊन परत आलं तर मध्य हरवू शकतो, आणि जोर अचानक येतो. वीज आल्यावर हात बाजूला, कॅलिब्रेशन आधी. आणि अ‍ॅक्टिव्ह पीएफसीचा पॉवर सप्लाय असेल तर यूपीएस प्युअर साइन वेव्ह घ्या, नाहीतर ऐन वेळी यूपीएस असूनही मशिन बंद पडू शकतं.

मालव_मॅकॅनिक:
मूळ प्रश्नावर येतो. खरा प्रतिस्पर्धी जुना असेटो कोर्साच आहे. २०१४ चा खेळ, तो बनवणाऱ्या कुनोसने काम केव्हाच थांबवलं, आणि कस्टम शेडर्स पॅचमुळे रात्र, पाऊस, नवी प्रकाशयोजना, सगळं बाहेरच्या लोकांनी आणलं. १०५० टीआयसारख्या जुन्या ग्राफिक्स कार्डावरही सेटिंग उतरवून चालतो. पावसाचे परिणाम आणि आरशांचं रिझोल्यूशन आधी कमी करा, फ्रेम तिथेच खाल्ल्या जातात. त्याचा नवा अवतार असेटो कोर्सा एव्हो जानेवारी २०२५ ला अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये आला तेव्हा मल्टिप्लेअरही नव्हतं आणि मॉडही नव्हते. मॉड मोकळे केले नाहीत तर कुनोसला स्वतःच्याच जुन्या खेळाशी झगडावं लागेल.

लष्करचा:
रॅलीवाल्यांना विचारा. रिचर्ड बर्न्स रॅली २००४ चा, आणि रॅलीसिमफॅन्स या चाहत्यांच्या गटामुळे आजही त्यावर ऑनलाइन रॅली होतात. रामबागी म्हणतात ते शंभर टक्के बरोबर.

दांडियाबाजार:
पण मॉडचा दर्जा? निम्म्या गाड्यांचे टायर दुसऱ्या गाडीतून उचललेले असतात. लायसन्स घेतलेल्या गाडीमागे कारखान्याची मोजमापं असतात. मला कमी गाड्या चालतील, खऱ्या हव्यात.

नवशिका_पीथमपूर:
एक शंका. आपल्या पीथमपूरच्या नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्राचा ११.३ किमीचा हाय स्पीड ट्रॅक असेटोमध्ये बनवता येईल का? कुठून सुरुवात करू?

मालव_मॅकॅनिक:
येईल, आणि कर नक्की. रुंदी १६ मीटर, चार लेन, नकाशा उपग्रहाच्या चित्रावरून काढ. उंचीसाठी फुकटचा ३० मीटर जाळीचा डेटा ढोबळ चढउतारापुरता ठीक आहे, बँकिंग (वळणावरचा रस्त्याचा तिरकेपणा) त्यातून मिळणार नाही, ते फोटोंवरून अंदाजाने करावं लागेल.

ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये रस्त्याच्या मेशचं (थ्रीडी जाळीचं) नाव आकड्यासह १ROAD असं, गवताचं १GRASS असं, पण प्रत्यक्षात आकडाही इंग्रजीच टाइप करायचा. आकडा विसरलास तर गाडी रस्त्यातून खाली पडते. एका मेशमध्ये ६५,५३५ पेक्षा जास्त व्हर्टेक्स (जाळीचे बिंदू) चालत नाहीत, ११ किमीचा रस्ता तुकडे करूनच टाक. सुरुवातीची जागा, पिट आणि टायमिंगसाठी रिकाम्या वस्तू ठेवायच्या, त्यांचा वाय अक्ष वर आणि झेड अक्ष गाडीच्या पुढच्या दिशेला. मग एफबीएक्स फाइल काढून असेटोच्याच एसडीके फोल्डरमधल्या केएसएडिटरमध्ये उघड आणि केएन५ ही असेटोची फाइल बनव.

नवशिका_पीथमपूर:
दादा, केएसएडिटरमध्ये उघडलं तर ट्रॅक मुंगीएवढा दिसतोय.

मालव_मॅकॅनिक:
एफबीएक्सचं प्रमाण. एक्सपोर्टच्या खिडकीत अप्लाय स्केलिंग्जमध्ये एफबीएक्स युनिट्स स्केल निवड, आणि त्याआधी ब्लेंडरमध्ये सगळ्या वस्तूंचं स्केल अप्लाय कर. तरी नाही झालं तर फाइल पाठव, रात्री बघतो.